दगडाच्या अंगणातला नाच

आज जरा लांबची गोष्ट सांगते. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिणेला लाल दगडाचं वाळवंट, आणि त्यात खोल खोल घळी.

१८७९ च्या हिवाळ्यात या मुलखातून मॉर्मन पंथाची कुटुंबं निघाली. माणसं सुमारे २५०, गाड्या ८० च्या वर, शिवाय हजारावर जनावरं. सॅन हुआन नदीकाठी नवं गाव वसवा, असं पंथाच्या पुढाऱ्यांनी सांगितलं होतं. तो मुलूख काही रिकामा नव्हता बरं का. नावाहो आणि यूट लोकांचा होता. प्रवास धरला होता सहा आठवड्यांचा, लागले सहा महिने.

कोलोराडो नदीपाशी वाट अडली. नदी खाली, आपण वर, आणि मध्ये सुमारे हजार फुटांचा उतार. कड्यात एक अरुंद फट तेवढी होती. पुरुष छिन्नी आणि सुरुंगाची दारू घेऊन ती रुंद करायला लागले. मागे फिरावं तर डोंगरात बर्फ.

आता बायकांचा विचार करा. उघड्यावरची थंडी, कडेवर लेकरू, जळण मिळेना. कुणी गरोदर, वाटेत बाळंतपणंही झाली. अशा तळावर काय होईल? भांडणं होतील, माणसं खचतील. हे लोक मात्र रात्री नाचायला जात. तळाजवळ एक मोठा खडक होता, आत अर्धगोल वळलेला, मंडपासारखा. खाली दगडाची सपाट जमीन. फुगडीला सारवलेलं अंगण असावं तशी! तिथे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजायचं आणि बायका-पुरुष जोडीनं नाचायचे. त्या खडकाला आजही ‘डान्स हॉल रॉक’ म्हणतात आणि लोक तो बघायला जातात. नाचगाणं म्हणजे रिकामपणचे उद्योग, असं आपल्याला कुणी ऐकवलं की मला हा खडक आठवतो.

२६ जानेवारी १८८० ला गाड्या फटीतून उतरू लागल्या. चाकं बांधून, मागून दोर ओढून धरत. बेल स्मिथची गाडी शेवटी वरच राहिली. ओढून धरायला माणूस उरला नव्हता. तिनं तिन्ही लेकरं वर बसवली आणि गाडीला मागून बांधलेल्या घोड्याचा लगाम स्वतः धरला. घोडा पडला, ती फरफटत गेली, पाय दगडानं फाटला. पण गाडी उतरली. मग नवरा पुन्हा वर चढून लेकरं घेऊन आला.

एप्रिलच्या ६ तारखेला सगळे सॅन हुआनकाठी पोचले. ठरलेली जागा अजून पुढे होती, पण माणसं आणि जनावरं इतकी थकली होती की तिथेच थांबली. तेच आजचं ब्लफ गाव.