छत्तीसचा आकडा

मला डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता ते साल 2005. मी पुण्यात शिकत होतो. मेसला सुट्ट्या टाकून वाचवलेले आणि दोन शिकवण्यांचे मिळून साडेनऊ हजार रुपये जमले होते. घाई एवढ्यासाठी की आजी चौऱ्याऐंशीची झाली होती आणि आजोबांचा आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनलेला, 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. मे महिन्यात काकाच्या लग्नात अकरा फोटो नवरा-नवरी आणि पाहुण्यांत गेले. बारावा आजोबांसाठी राखून ठेवला होता, तो व्याह्यांनी मागून घेतला. पुढचा रोल दिवाळीला आणायचं ठरलं. आजोबा गणपतीतच गेले.

तर मंडळी, फोटो मोजून काढायचे असतात हे आमच्या घरात असं पक्कं झालेलं. गंमत म्हणजे ज्यानं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला त्याच्याही डोक्यात हाच हिशेब होता. डिसेंबर 1975 मध्ये कोडॅकच्या रॉचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनियरनं सुपर-8 कॅमेऱ्याची लेन्स, सोळा निकेल-कॅडमियम सेल आणि एक कॅसेट रेकॉर्डर जोडून साडेतीन किलोच्या वर भरणारं धूड तयार केलं. 100 गुणिले 100, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचा कृष्णधवल फोटो टेपवर उतरायला 23 सेकंद लागत. एका कॅसेटवर फोटो किती, तर 30. टेपवर याहून जास्त मावले असते, पण रोलमध्ये 24 किंवा 36 फोटो असतात म्हणून त्यानं मधला आकडा धरला! फिल्मच्या मुळावर येणारं यंत्र, पण हिशेब फिल्मचाच. कोडॅकला 1978 मध्ये पेटंट मिळालं, भिस्त मात्र पुढे बरीच वर्षं फिल्मवरच राहिली. जानेवारी 2012 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. असो.

मधली वर्षं माझ्यासारख्यासाठी नव्हतीच. 1994 चा ॲपलचा क्विकटेक 100 पूर्ण आकाराचे आठ फोटो साठवायचा आणि किंमत होती 749 डॉलर.

2005 मध्ये बुधवार पेठेतला दुकानदार मला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायला सांगत होता. मी नेट कॅफेत बसून गणित करून गेलो होतो. चार बाय सहा इंचाची प्रिंट, इंचाला 300 ठिपके, म्हणजे 1200 गुणिले 1800. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा होत नाहीत. अल्बममध्ये लावायला तीन रग्गड. डिजिटल झूमचंही तेच, फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा. ते काम घरी कॉम्प्युटरवर फुकट होतं. उरलेला प्रश्न सेलचा होता. तेव्हा गावाकडे दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. चार्जर लावायचा तो कधी? पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानात मिळायचे. म्हणून दोन पेन्सिल सेलवर चालणारा कॅननचा पॉवरशॉट ए 400 घेतला. 3.2 मेगापिक्सेल. त्याला एसडी कार्ड लागायचं हेही बरं झालं. कार्डांचे तेव्हा पंथ होते, त्यातला एक्सडीचा पुढे नाहीसाच झाला.

रोल, धुलाई आणि छत्तीस प्रिंट मिळून मला अडीचशेच्या आसपास खर्च यायचा. म्हणजे अडतीस रोल वाचले की कॅमेरा फुकट, असं मी बाबांना ऐकवलं. त्यांनी खोकं उघडून विचारलं, "एका वेळी किती निघतात?" खोक्यात 16 एमबीचं कार्ड होतं. सर्वांत चांगल्या दर्जाला जेमतेम आठ-नऊ फोटो.

"माझ्या क्लिकपेक्षा कमीच की," बाबा म्हणाले.

मोठ्या कार्डाला पैसे उरले नव्हते. ते कार्ड घेऊनच गावी गेलो. आजीला ओसरीत बसवलं. तिनं लुगडं बदललं, पदर डोक्यावर घेतला आणि लग्नातल्या फोटोत बसतात तशी ताठ बसली. पहिल्या दोन फोटोंत डोळे मिटलेले. मी ते तिथंच पुसून टाकले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. तिला वाटलं मी नुसताच खटखट करतोय. सहाव्या-सातव्या वेळी मात्र ती वैतागून हसली, आणि आता भिंतीवर आहे तो फोटो तोच.

"आता बास कर," ती म्हणाली, "सगळा रोल माझ्यावरच घालवतोस व्हय?"