वडापाची बखर

राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांवर कोण केव्हा चढले, कोण केव्हा उतरले, याची नोंद आपण मोठ्या निष्ठेने ठेवली आहे. परंतु त्याच किल्ल्यांच्या पायथ्याने, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांतून, रोज सकाळी पोटामागे कोण कशाने गेले, हे लिहून ठेवावे असे एकाही बखरकाराला वाटले नाही. मी बखरकार नव्हे. पुण्याहून वेल्हे तालुक्यातील एका शाळेत बावीस वर्षे जा-ये केलेला साधा मास्तर आहे. तथापि त्या बावीस वर्षांतील निम्मा इतिहास मी वर्गात शिकवला आणि उरलेला निम्मा वडापात बसून पाहिला, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

या मुलखाला आगगाडी कधी लाभलीच नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, तो जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून गेला. पंतसचिवांचे भोर आणि तोरण्याखालचे वेल्हे डोंगराच्या आडोशाला राहिले ते राहिलेच. रेल्वे नाही, शेत डोंगरउताराचे, पाऊस उदंड आणि पीक भाताचे. म्हणून इथला माणूस मुंबईला गेला, आणि जो गेला नाही त्याला निदान रस्त्यापर्यंत तरी यावे लागले. त्या रस्त्यावर पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा अशा मोटारी कोळशाच्या गॅसवरही चालल्या. त्यांचे वेळापत्रक एकच होते: भरली की सुटते.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि तीन महिन्यांच्या आत, १ जून १९४८ रोजी, पुणे ते नगर ही राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. हे दोन दिवस इतके जवळ आहेत याचे मला नेहमी नवल वाटते. एकीकडे राजा गेला, दुसरीकडे सर्व्हिस मोटारवाल्याचे राज्य जाऊ लागले. एस.टी.ने खेड्याला वेळ दिली, तिकीट दिले, आणि गाडी रिकामी असली तरी सुटते हा चमत्कार दाखवला. त्या उपकाराला मी उणे लेखणार नाही. पण वेल्हे तालुका म्हणजे २०११ च्या शिरगणतीत ५५ हजारांच्या आत माणसे, आणि तीही वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. एवढ्यांसाठी महामंडळाने किती फेऱ्या द्याव्यात? दहाची गाडी चुकली की दुपारपर्यंत फाट्यावरच्या वडाची सावली मोजावी.

त्या सावलीतूनच वडाप जन्माला आले. महिंद्रांनी मुंबईत जीप जोडण्यास १९४७ च्या सुमारास प्रारंभ केला होता. पुढे त्या घराण्यातील लांब अंगाच्या गाड्या, मग ट्रॅक्स, मग सुमो, असे एकेक वाहन चेलाडी फाट्यावर आणि कापूरहोळला उभे राहू लागले. कायदा म्हणे बसस्थानकापासून २०० मीटर दूर राहा. वडापवाला राहीही, मात्र त्याचा आवाज स्थानकात पोचे.

जगात हे सर्वत्र झाले आहे. १९१४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला फोर्ड गाडीवाल्यांनी पाच सेंटांत उतारू नेण्यास सुरुवात केली. त्या नाण्याला बोलीत जिटनी म्हणत, म्हणून गाडीही जिटनी झाली. ट्रामकंपन्यांनी ओरड केली आणि नगरपालिकांनी नियमांचे असे ओझे घातले की थोड्याच वर्षांत ती बहुतेक ठिकाणी बसली. नैरोबीची मटाटू अशीच ‘तीन’ या शब्दावरून, म्हणजे भाड्याच्या तीन नाण्यांवरून, नाव घेऊन आली. तिला मात्र १९७३ साली राष्ट्राध्यक्ष केन्याटांनी मान्यता दिली.

आमची व्हॅन या दोहोंहून निराळी. आम्ही सात जण: चार मास्तर, एक परिचारिका, तलाठी कार्यालयातील एक गृहस्थ आणि पंचायत समितीतील एक बाई. पिवळ्या पाटीची गाडी महिन्याच्या बोलीने ठरवलेली. कात्रजला साडेसात, पाच मिनिटे थांबणार, सहावे नाही. पुढची जागा जिला गाडी लागते तिची. रजेच्या दिवसाचे पैसेही द्यायचे, कारण डिझेल काही रजेवर जात नाही. एवढे नियम कोठे लिहिलेले नव्हते, आणि लिहिलेल्या कोणत्याही नियमापेक्षा ते अधिक पाळले गेले. मुख्यालयी राहण्याचा सरकारी नियम आमच्यापैकी कितीजण पाळत होते हे वाचकांनी विचारू नये. गाडी नसती तर शाळा किती वाजता उघडली असती एवढेच विचारावे.

खरी गंमत विंझरच्या पुढे. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की, ठरावाच्या गाडीने ठरावातल्याच माणसांना न्यावे. वाटेत कोणाला चढवू-उतरवू नये. माणशी वेगळे भाडे घेतले की ती टप्प्याची वाहतूक झाली आणि परवाना निराळा. आता श्रावणातल्या पावसात फाट्यावर एखादी म्हातारी हात करून उभी आहे, काखेत नातू, अंगात ताप. गाडी थांबली आणि म्हातारीने हातावर दहाची नोट ठेवली, की आम्ही सातही जण बेकायदा. परिचारिकाबाई म्हणत, “आजी, पैसे राहू द्या.” त्यावर म्हातारी म्हणे, “फुकट न्हाई बसायची, बाय.” कायद्याला तिचा स्वाभिमान गैरसोयीचा होता.

पण कायदा हास्यास्पद ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने माणसे नेते आणि घाटात उलटते, तेव्हा विमा कंपनी कराराचा भंग दाखवून हात वर करू शकते. मग म्हातारीचा मुलगा वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतो. दहा माणसांच्या जागी सोळा भरणारा वडापवाला हा काही संत नव्हे.

सरकारचेही एक मन नाही. ऑक्टोबर १९२१ चे असहकाराचे दिवस आपण पाठ करतो. त्याला शंभर वर्षे होताना, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, एस.टी.चे कर्मचारी विलीनीकरणासाठी संपावर गेले आणि एप्रिल २०२२ पर्यंत बहुतेक गाड्या आगारांतच उभ्या राहिल्या. नोव्हेंबरात शासनाने अधिसूचना काढली: खाजगी बस, शाळेच्या बस, मालवाहू वाहनेसुद्धा उतारू नेऊ शकतील. काल जो गुन्हा होता तो आज लोकसेवा झाला. चेलाडीचा एक वडापवाला मला म्हणाला, “गुरुजी, आता पोलीसच माणसं बसवून देतात.” संप मिटला आणि तो पुन्हा २०० मीटर मागे गेला.

आता व्हॅनमधली ओम्नी जाऊन ईको आली आहे. ओम्नी कारखान्यातून २०१९ साली बंद झाली. २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नसरापूरच्या चौकात मात्र परवा मी गेलो तेव्हा गाडीवाला “वेल्हे, वेल्हे, एक सीट” असेच ओरडत होता, आणि मागच्या बाकावर आधीच पाच जण होते.