लक्ष्मीपुरीचा ‘ल’ कुठं गेला?

फ्लेक्सवरचं ते गोल गरगरीत, एकसारख्या जाडीचं अक्षर बघितलंय न्हवं? वर्तुळावर बेतलेलं हे वळण 1927 मध्ये पॉल रेनरच्या ‘फ्युचुरा’नं गाजवलं. तेच वळण देवनागरीत घेऊन 2014 मध्ये ‘पॉपिन्स’ आला. निनाद काळे आणि जॉनी पिनहॉर्न यांचं काम, तेही फुकट. मोठ्या पाटीवर झकास दिसतो.

माझी तक्रार फॉन्टवर नाही. माझ्या लहानपणी पेंटर ब्रशनं पाकळीचाच ल काढायचे. आता शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत फिरताना हिंदी वळणाचे श आणि ल सर्रास दिसतात. शासनानं 2022 मध्ये देठाचा श, पाकळीचा ल पुन्हा सांगितलाय. बऱ्याच फॉन्टमध्ये ते असतातही, फक्त भाषा ‘मराठी’ निवडावी लागते. पाटी करायला देताना एवढं सांगा, भावांनो.