शेक आणि करंट: कंबरदुखीवरच्या उपायांची जुनी गोष्ट

कल्याणच्या आमच्या मशिदीत पूर्वी शेवटच्या सफेत दोन खुर्च्या असायच्या. आता भिंतीलगत पूर्ण रांग लागते. बसणाऱ्यांत म्हातारे कमी आणि चाळिशी-पन्नाशीतले जास्त. कुणाची कंबर भिवंडीच्या लूमवर बारा-बारा तास उभं राहून गेली, तर कुणाची लोकलच्या गर्दीत. ज्याला उभं राहणं जमत नाही त्याने बसून नमाज पढावी, तेही जमत नसेल तर कुशीवर होऊन, ही सवलत इमरान बिन हुसैन यांच्या हदीसमध्ये आहे. त्यामुळे खुर्चीत गैर काही नाही. पण जुम्याच्या नमाजनंतर या रांगेतलं बोलणं ऐकण्यासारखं असतं. “तुझ्या किती सिटिंग झाल्या?” “सात. आधी शेक देतात, मग करंट लावतात.”

शेक आणि करंट. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकात हे दोन शब्द पुरतात. मीही गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी दहा सिटिंगचे पैसे भरले. कमरेवर गरम पॅक, मग चार चिकट पॅड, वायरी आणि मुंग्या आल्यासारखी झिणझिण. त्या यंत्राला टेन्स म्हणतात. दुखणं तेवढ्यापुरतं पळायचं आणि घरचा जिना चढेपर्यंत परत यायचं. पालथं पडून वीस मिनिटं काय करणार? हे उपाय आले कुठून, याचा विचार तिथेच सुरू झाला.

आपल्या परंपरेत कंबरदुखी नवी नाही. कुरआनच्या आल-इमरान सूरहमध्ये इस्राईल, म्हणजे हजरत याकूब, यांनी काही अन्न स्वतःवर निषिद्ध केल्याचा उल्लेख आहे. कुरआन आजाराचं नाव घेत नाही. पण तफसीरकारांनी इब्न अब्बास यांच्या हवाल्याने सांगितलंय की त्यांना ‘इर्क-उन-नसा’ होता. म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, ज्याला आज आपण सायटिका म्हणतो. युनानी हकीम आजही हाच शब्द वापरतात, आणि नुसत्या कंबरदुखीला ‘वजा-उज-जहर’.

त्यावर युनानीतला पहिला उपाय म्हणजे ‘तकमीद’, म्हणजे शेकच. गरम केलेलं मीठ, वाळू किंवा कोंडा कापडात बांधून दुखऱ्या जागी ठेवायचा. आपल्या घरात हे कुणी ग्रंथ वाचून करत नाही. तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट, तेल लावून गरम केलेली रुईची पानं, बाळंतिणीची शेक-शेगडी हे कल्याणच्या मोहल्ल्यात आणि ब्राह्मणआळीत सारखंच चालत आलं.

उष्णतेचं कडक रूपही होतं: डागणी. अंदलुसचा थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी याच्या ग्रंथातला शल्यक्रियेचा भाग डागण्यापासूनच सुरू होतो. त्यात सायटिका आणि पाठदुखीसाठी लोखंड कुठे आणि किती टेकवायचं, यावर वेगळी प्रकरणं आहेत. पैगंबरांनी मात्र मध आणि हिजामासोबत डागण्याचा उल्लेख करूनही उम्मतला त्यापासून रोखल्याचं बुखारीत नोंदलेलं आहे. तरी आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोटदुखी-पाठदुखीला डाग देणं बराच काळ सुरू राहिलं, आणि त्यात धर्माची काही सीमा नव्हती.

ठाणे जिल्ह्याला मात्र निसर्गानेच शेकाची सोय करून दिली आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं मंदिर चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतल्यावर नवस फेडण्यासाठी बांधवलं. सांधे-कंबर धरलेले लोक इथे शतकानुशतकं येत आले आहेत. लहानपणी माझे मोठे अब्बा लूमच्या सुट्टीला एसटीने अकलोलीला जायचे. गंधकाचा वास, काठावर ओळीने ठेवलेल्या चपला आणि गुडघाभर गरम पाण्यात पाठ टेकून बसलेली अनोळखी माणसं एवढं मला आठवतं. दुखण्यामुळे ते पाण्यात बसत होते. कुंड कोणत्या देवीच्या दारात आहे, हे घरी कधी कुणी विचारलं नाही.

करंटची गोष्ट याहून अजब आहे, कारण तो उपाय वीज तयार होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने लिहून ठेवलंय की वातरक्ताच्या दुखण्यात जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली ठेवावा, पाय बधिर होईपर्यंत. हा मासा अंगातून विजेचा झटका देतो. पुढे गॅलनने डोकेदुखीवर मेलेला मासा वापरून पाहिला. काही झालं नाही. मग जिवंत लावला, तेव्हा आराम पडला. ही नोंद अरबीत आली आणि इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये ती गॅलनच्या नावानेच दिली. नाईल नदीतला असाच मासा अब्दुल लतीफ अल-बगदादी याने इसवी सन 1200 च्या सुमारास वर्णिला. हात लागताच थरकाप, बधिरपणा, आणि मासा मेल्यावर हा गुण नाहीसा.

या माशाचं अरबी नाव ‘रअ्आद’. ‘रअद’ म्हणजे मेघगर्जना, तेराव्या सूरहचं नावही तेच. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अरबांनी हजार वर्षांपूर्वी वीज ओळखली होती’ असे मेसेज फिरतात. मला हे पटत नाही. त्याच धातूचा अर्थ थरथरणं असाही होतो, आणि मासा थरथरवतो म्हणून त्याचं नाव तसं पडलं असणं जास्त सरळ आहे. इब्न सीनाने गॅलनचं श्रेय गॅलनला दिलं, त्याच्यासाठी आपण खोटी फुशारकी कशाला मारायची?

माशाची जागा यंत्राने घेतली ती अठराव्या शतकात, घर्षणाने वीज साठवता येऊ लागल्यावर. 1919 साली अमेरिकेत ‘इलेक्ट्रीट’ नावाचं घरगुती यंत्र आलं. पण झिणझिणीने दुखणं का थांबतं, याचं पटणारं उत्तर 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. कोपर आपटलं की आपण चोळतो, आणि कळ कमी होते. स्पर्शाच्या जाड नसांचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या बारीक नसांच्या वाटेवरचं जणू एक दार लोटून घेतो. दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी नसांना सौम्य विद्युतप्रवाह देऊन वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. सत्तरच्या दशकात खिशात मावणारं टेन्स यंत्र बाजारात आलं.

मुंबईत तोवर पाया तयार होता. पोलिओच्या साथींनंतर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि 1955 मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. तिथे मुख्य काम होतं माणसाला पुन्हा चालतं करण्याचं. यंत्रं त्या कामाच्या मदतीला होती. आमच्या उपनगरांत हा क्रम अनेकदा उलटा झालेला दिसतो. मला दहा सिटिंगमध्ये एकही व्यायाम शिकवला गेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2020 मध्ये जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज त्यामागे आहे. नेहमीच्या उपचारात काय देऊ नये, याच्या यादीत टेन्स आहे, अल्ट्रासाऊंड आहे, ट्रॅक्शन आहे आणि कमरेचा पट्टाही. खुर्च्यांच्या रांगेतल्या बहुतेकांनी या चारही गोष्टींवर पैसे घातलेत. ज्यांची शिफारस आहे त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं, मालिश अशा गोष्टी आहेत. शेकाबद्दलचा पुरावा असा की नव्या दुखण्यात त्याने थोडा आराम मिळतो, थोडा वेळ. जुन्या दुखण्यात तेवढंही खात्रीने सांगता येत नाही. पण मिठाच्या पुरचुंडीला कुणी सिटिंगचे पैसे मागत नाही.

स्वस्त म्हणून शेक निर्धोक मात्र नाही. अम्मीला वीस वर्षांचा मधुमेह आहे. मागच्या हिवाळ्यात ती गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन झोपली आणि सकाळी तळहाताएवढा फोड. नसा बधिर झाल्याने चटका कळलाच नव्हता. जखम भरायला दोन महिने लागले. पेसमेकर असलेल्यांनी टेन्सला हात लावू नये, हेही मला क्लिनिकात कुणी विचारलं नाही, डबीवरच्या बारीक अक्षरांत वाचलं. आणि कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल तर शेकत बसू नये. आमच्या भागात मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

हौसेने विकत घेतलेलं माझं टेन्स कपाटात आहे. मी अधूनमधून लावतो, कारण मुंग्यांनी त्या वीस मिनिटांत खरंच बरं वाटतं. अम्मीची पिशवी आता मी भरतो, आधी स्वतःच्या मनगटावर पाहून, वर दुहेरी टॉवेल गुंडाळून, आणि पंधरा मिनिटांनी काढून घेतो. असरनंतर आम्ही दोघं काळा तलावाला एक फेरी मारतो. दुसरीला ती अजून तयार नाही.