न नेसलेल्या लुगड्यांची गोधडी

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याबाहेर इंग्रजांचे जुने कब्रस्तान आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर आली तेव्हा इंग्रजांची वखार राखून बसलेला जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ मध्ये वारला, तो इथेच पुरलेला आहे. त्याच्या थडग्यावरचे घुमट पाहायला इतिहासाचे हौशी जातात. मी तिथे गेलो की मला रजया आठवतात. वाचक हसतील, पण १६१३ मध्ये इंग्रजांची वखार सुरतेत बसल्यावर नीळ आणि सुती कापड यांच्याबरोबर इथल्या छिटाच्या, भरतकामाच्या रजयाही सतराव्या शतकात विलायतेला जात होत्या. वखारीच्या कागदांत त्या मालाची नोंद सापडते. टाके घालणाऱ्या हातांची नाही.

त्याच दरवाज्यापुढे आजचे कतारगाम पसरले आहे. हिऱ्याचे कारखाने, यंत्रमाग, काठेवाडकडून आलेली कुटुंबे आणि त्यांच्या शेजारी आमची खानदेशी माणसे. माझी मावशी त्यांतलीच एक. या शहराच्या गोधडीचा इतिहास मी शिकलो तो तिच्या ओट्यावर.

खानदेशाची आणि सुरतेची सोयरीक जुनी. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे आली आणि वाट सोपी झाली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा सीमारेषा नवापूरच्या स्टेशनातून गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. पण अंथरुणाला सरहद्द नसते. आपण गोधडी म्हणतो, पलीकडे गोदडी म्हणतात. बेळगावकडच्या कानडी घरांत ती कौदी होते आणि घाटावर वाकळ.

१९७२ च्या दुष्काळानंतर काका मागावर कामाला लागले आणि मावशी सुरतेला आली. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि लुगड्यांचे एक बोचके. गोधडीला लागते जुने सुती कापड: पन्नास वेळा नदीवर आपटलेले, मऊ झालेले. आत धोतराचे आणि चादरीचे थर, वरखाली नेसून झालेली लुगडी, आणि कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. कोणता तुकडा कोणाचा, हे घरातल्या पोरांना पाठ असे.

बोचके संपले आणि खरी अडचण पुढे आली. सुरत हे कृत्रिम धाग्याचे शहर. शेजारीपाजारी सगळ्या नायलॉन आणि पॉलिस्टर नेसणाऱ्या. जुने सुती लुगडे आणायचे कुठून? चिंदी मात्र किलोवर मिळे, साड्यांच्या कारखान्यांतली, कोरी करकरीत. मावशीने तिची गोधडी शिवली आणि ती पहिल्या धुण्यातच बिघडली. थर एकमेकांवरून घसरले, कोपऱ्यांत गोळे झाले, कापलेल्या कडांचे धागे सुटले. शिवाय हे कापड घाम शोषत नाही. उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

पुढची दोन-तीन वर्षे तिने प्रयोग केले, असेच मी म्हणेन, जरी तिने स्वतः तो शब्द कधी वापरला नसता. अंगाकडची बाजू सुती ठेवायची. वर अख्खे कापड पसरायचे नाही; लहान लहान तुकडे, कडा आत दुमडून, एकेक करून लावायचे. सुरुवात कोपऱ्यापासून, मग कडेने फिरत फिरत मध्याकडे. टाका नेहमीपेक्षा बारीक. मला पुष्कळ वर्षांनी कळले की उत्तर कानडा जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडाची फुले लावतात. मावशीने सिद्दी हे नावही ऐकले नव्हते. घसरणाऱ्या कापडाने तिला ती वाट दाखवली.

आणि मग रंग. सुरतेत साडीची एकच नक्षी पाच-सहा रंगांत छापतात. त्यामुळे चिंदीत तीच वेल कधी जांभळी, कधी मोरपंखी, कधी शेंदरी. जुन्या गोधडीत असा पेच नव्हता. तिथे दोन तुकडे सारखे क्वचितच असत. मावशी जमिनीवर तुकडे मांडून तासन्‌तास बघत बसे. गडदाकडून फिक्याकडे जाणारी तिची एक गोधडी शेजारच्या काठेवाडी बाईंनी मुलीच्या आण्यात देण्यासाठी मागून नेली.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांचे असेच झाले. त्या शेतावरच्या विटलेल्या कपड्यांच्या रजया शिवत. १९७२ मध्ये तिथल्या शिवणमंडळाला सिअर्स कंपनीच्या कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचे काम मिळाले आणि उरलेल्या कोऱ्या तुकड्यांतून, मोजक्याच रंगांत, निराळ्याच रजया निघाल्या. २००२ मध्ये जीज बेंडच्या रजया न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या.

आमच्या मावशीची गोधडी भिंतीवर गेली नाही. उलट माझी आई एका दिवाळीत सुरतेला आली आणि ती हातात घेऊन म्हणाली, “हाई गोधडी शे का?” रागाने नव्हे, पण खोचक. आईचे म्हणणे सरळ होते. जे कापड कोणी नेसले नाही, ज्यात कोणी पोर गुंडाळले नाही, ते पांघरून ऊब कशी येणार? मला तेव्हा आईचे पटले होते. आज तितके पटत नाही. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. सुंदर गोधडी आणि आपली गोधडी यांत काहीतरी सुटले होते खरे.

मावशी गप्प राहिली. मांडीवर नवी गोधडी होती, शिवण चारी कडांनी आत येत येत मध्ये वीतभर जागा उरली होती. तिने ट्रंक उघडली, आजीच्या हिरव्या लुगड्याचा एक विटका तुकडा काढला, कडा दुमडल्या आणि त्या जागेवर ठेवला.

“सुई ओव,” ती आईला म्हणाली, “मला आता दिसत नाही.”