वऱ्हाडातील दमसासाची साधना : आखाडा, वाट आणि हिवाळा

वऱ्हाडातील शारीरिक शिक्षणाच्या इतिहासाचा विचार अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून सुरू होतो, आणि बहुधा तेथेच संपतो. अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ साली लावलेले हे रोप पुढे अखिल भारतीय कीर्तीस पोचले. १९२० नंतरच्या दशकात मंडळाने सुरू केलेल्या उन्हाळी वर्गांत दूरदूरच्या प्रांतांतून शिक्षक येऊ लागले. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे ठेवली. हा सारा वृत्तांत सुपरिचित आहे. तथापि त्यात एक उणीव राहून जाते, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. या चळवळीने बळ, चापल्य, शिस्त व सांघिकता यांची जोपासना केली. परंतु लांब पल्ल्याची धाव, लांब पल्ल्याचे पोहणे, दूरवरचा सायकलप्रवास, म्हणजे ज्यास दमसासाची साधना म्हणता येईल ती, तिच्या कीर्तीचा विषय कधी झाली नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे एक सुलभ उत्तर असे दिले जाते की, आखाड्याची परंपरा मुळातच बळाची होती, दमाची नव्हती. हे उत्तर टिकत नाही. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार हे शेकड्यांच्या, प्रसंगी हजारांच्या संख्येने काढण्याचा जो परिपाठ तालमींत होता, त्यात दमाची कसोटी नाही असे कोण म्हणेल? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला त्याचा आधारच श्वास आणि आवर्तन हा होता. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ चाळला तरी देशी व्यायामपद्धतीत दमाला किती मान होता हे कळून येते. भेद आहे तो निराळ्या ठिकाणी. आखाड्यातील दम हा जागेवरचा दम होय. तो एका चौकोनात, लाल मातीत, वस्तादाच्या नजरेखाली आणि आकड्यांच्या मोजणीत सिद्ध होतो. धावणारा, पोहणारा वा सायकल चालविणारा जो दम मिळवितो तो वाटेवरचा. त्याला अंतर लागते, आणि अंतरावर वस्तादाची नजर पोचत नाही. ज्या दैवताच्या नावाने ही मंडळे निघाली तो मारुती वायुपुत्र, म्हणजे वेगाचा आणि श्वासाचाही स्वामी. पण आखाड्याने त्याची गदा घेतली, उड्डाण घेतले नाही, हे थोडे गमतीचे आहे.

वाटेवरचा दम वऱ्हाडात नव्हता असे मात्र मुळीच नाही. आगगाडी येण्यापूर्वी टप्प्याटप्प्याने टपाल पोचविणारे हरकारे धावतच जात. मेळघाटातील कोरकू स्त्रीपुरुष आठवड्याच्या बाजारासाठी डोंगरवाटा पायी तुडवीत आले आहेत. शेगावहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरकडे जाते. सुमारे सातशे किलोमीटरांची ही वाट वारकरी ऐन ज्येष्ठात चालतात. कापसाच्या हंगामात गाडीबरोबर रात्रभर चालून पहाटे बाजार गाठणारा गाडीवान हा तर गेल्या शतकातील वऱ्हाडचे नित्याचे दृश्य होता. या सर्वांच्या अंगी जो दम होता तो आजच्या कोणत्याही क्रीडापटूस हेवा वाटावा असा होता. पण एकाचा तो चाकरीत जमा झाला, दुसऱ्याचा पोटापाण्यात, तिसऱ्याचा भक्तीत. व्यायाम या सदरात त्याची नोंद झाली नाही.

येथे ‘हौशी’ या शब्दाचा इतिहास लक्षात घेणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात हौशी खेळाडूची जी व्याख्या रूढ झाली तिच्यात केवळ पैशासाठी न खेळणे एवढाच अर्थ नव्हता. १८६६ च्या सुमारास तेथील ॲथलेटिक संघटनेने केलेल्या व्याख्येत कारागीर व मजूर यांना स्पष्टपणे वगळले होते. वल्हवण्याच्या शर्यतींत तर ही बंदी विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. ज्याचे शरीर कामाने तयार झाले आहे त्याला खेळात अयोग्य लाभ मिळतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. युक्तिवाद उघडच वर्गाभिमानाचा. परंतु त्यात नकळत एक कबुलीही दडलेली आहे. श्रमाने मिळालेला दम हा हौसेने मिळविलेल्या दमापेक्षा सरस असू शकतो, हे त्या सभ्य गृहस्थांना ठाऊक होते.

मराठी मुलखात हीच गोष्ट निराळ्या वाटेने पुढे आली. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी शेतकरी वर्गातील धावपटूंना अनवाणी धावताना पाहिले. सरावाचे शास्त्र त्यांना अवगत नव्हते, तरीही त्यांच्या वेळा युरोपीय वेळांच्या जवळ जात होत्या, याचे दोराबजींना नवल वाटले. भारताने पुढील वर्षी अँटवर्पला संघ पाठवावा या कल्पनेचे मूळ या दृश्यात आहे. त्या संघात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी निवडले गेले. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या त्या शर्यतीचे अंतर ४२,७५० मीटर, म्हणजे आजच्या प्रमाण अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होते. फिनलंडचे हान्नेस कोलेह्‌माइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पहिल्या आणि एकोणिसाव्या धावपटूंमधील अंतर अवघे १८ मिनिटांचे होते. एका बाजूस कित्येक वर्षांची पद्धतशीर साधना व बर्फाळ देशातील शर्यतींची परंपरा, आणि दुसऱ्या बाजूस बेळगावच्या वाटा, हे ध्यानी घेतले म्हणजे या १८ मिनिटांचे मोल कळते.

अमरावतीच्या चळवळीस हे ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. मग तिने ही वाट का धरली नाही? याचे पहिले कारण ध्येयाचे आहे. परतंत्र देशात व्यायाम हा राष्ट्रकार्याचा भाग होता. राजगुरूंसारख्या क्रांतिकारकांचे नाव या मंडळाच्या इतिहासाशी निगडित आहे, आणि कुष्ठसेवेसाठी अमरावतीस तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे याच परिवारातले, एवढे सांगितले तरी तेथील वातावरणाची कल्पना यावी. अशा चळवळीला शंभर तरुण एका आज्ञेसरशी हलणे हवे होते. सांघिक कवायत, लाठी, लेझीम, मल्लखांब यांत हे साधते. पहाटेच्या अंधारात एकट्याने दहा कोस धावणाऱ्यात ते साधत नाही. लांब पल्ल्याचा धावपटू हा स्वभावतःच एकांडा असतो आणि त्याचे प्रात्यक्षिक मांडता येत नाही. बर्लिनला भारतीय खेळ दाखविता आले. भारतीय दमसास दाखविण्याजोगा नव्हता. त्याच बर्लिनमध्ये ९ ऑगस्ट १९३६ रोजी मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चुंग हा कोरियन तरुण जपानच्या नावाने धावला, कारण त्याचा देश परतंत्र होता. विजयमंचावर त्याने मान खाली घातली होती. एकट्या धावणाऱ्याची धावही राष्ट्राची होऊ शकते, याचे हे उदाहरण वऱ्हाडच्या पथकाच्या इतक्या निकट घडले होते.

दुसरे कारण ऋतूचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे मानावे लागते. मंडळाचे मोठे कार्य उन्हाळी वर्गांतून झाले, कारण शिक्षकांना सुटी उन्हाळ्यातच मिळे. शाळांच्या वेळापत्रकाशी व्यायामाचे वेळापत्रक असे जोडले गेले. आता वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तर कोणी आश्चर्य करीत नाही. अशा हवेत मल्लखांब, आसने, लाठी यांचे शिक्षण सकाळ-संध्याकाळ देता येते, दीर्घ धावेचे देता येत नाही. त्याचे कारण शरीरधर्मात आहे. शरीर तापले की त्यास थंड राखण्यासाठी रक्ताचा मोठा ओघ त्वचेकडे वळतो, स्नायूंच्या वाट्याचे रक्त घटते, घामावाटे पाणी जाते, आणि त्याच वेगासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. मॅरेथॉनसाठी सर्वांत अनुकूल तपमान सुमारे १० अंश असते असे आधुनिक अभ्यासांत दिसून आले आहे. डिसेंबर-जानेवारीत अमरावती-अकोल्याची पहाट १० ते १५ अंशांची असते. युरोपातील धावपटूस हिवाळा हा बर्फचिखलात पाया भरण्याचा काळ आणि उन्हाळा हा शर्यतींचा. वऱ्हाडच्या धावपटूस मात्र पाया आणि कळस दोन्ही हिवाळ्यातच उभे करावे लागतात.

परंतु हिवाळा हाच वेचणीचा हंगाम. ज्या महिन्यांत शरीराला दूरवर धावणे मानवते, त्याच महिन्यांत वऱ्हाडचा शेतकरी आणि मजूर कापसाच्या शेतात वाकलेला असतो. ज्याच्या अंगी दम, त्याला सवड नाही. आणि ज्याला सवड, त्याला वऱ्हाडात बहुतेक उन्हाळ्यातच सवड. या कोंडीकडे दुर्लक्ष करून केवळ ‘आपल्याकडे खेळाची आवड नाही’ असे म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

पोहण्याची कथा याहून वेगळी आहे. पूर्णा, पेढी, मोर्णा या नद्यांना पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू. पोहण्याजोगे पाणी मधल्या काही महिन्यांपुरते. म्हणून वऱ्हाडातील मुले पिढ्यान्‌पिढ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. भूगर्भातील पाण्याचे तपमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते आणि पाणी कोमट लागते. कुडकुडायचे असते ते बाहेर आल्यावर. तलावाचे पाणी मात्र रात्रीच्या हवेबरोबर निवते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने अमरावतीच्या वडाळी तलावासारख्या उघड्या पाण्याचा गारवा विहिरीत शिकलेल्यास अनोळखी वाटतो. विहीर सूर, बुडी आणि निर्भयता शिकविते. अंतर शिकवीत नाही, कारण तिच्यात गोल फिरण्यापलीकडे जागाच नसते. आखाड्याचा चौकोन आणि विहिरीचे वर्तुळ, दोन्हींत दम जागच्या जागीच राहतो.

पोहणे, सायकल आणि धाव या तिन्हींस एका सूत्रात ओवण्याची कल्पना अर्वाचीन आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो येथे अशी पहिली शर्यत झाली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धाव अशी कसोटी लागली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली. २००० साली सिडनी येथे त्रिविध शर्यतीस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आणि २०१९ मध्ये गोव्यास हवाईच्या निम्म्या अंतराची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. महाराष्ट्रातील हौशी मंडळींनी हे वेड चटकन उचलले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सायकलशर्यत दोघांत मिळून पुरी केली. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातील सात कठीण सामुद्रधुन्या पोहण्याचा क्रम पूर्ण केला. अमरावती-अकोल्याच्या साधकालाही आता निदान सायकलीपुरती उणीव नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतायचे तो हा मुलूख. पण जून २०२२ मध्ये याच दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला.

तरीही हा नवा हौशी साधक कोण आहे हे पाहिले म्हणजे जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. महागडी सायकल, पोहण्याच्या तलावाची वर्गणी आणि पहाटेचे तीन तास ज्याला परवडतात तो बहुधा डॉक्टर, अभियंता वा अधिकारी असतो. १८६६ च्या व्याख्येने मजुराला नियमाने वगळले होते; आज किंमत ते काम करते. त्याच पहाटे, त्याच रस्त्यांवर, आणखी एक वर्ग धावताना दिसतो. तो पोलीस आणि सैन्य यांच्या भरतीसाठी धावणाऱ्या खेड्यांतील मुलामुलींचा. त्यांच्या धावेस कोणी व्यायाम म्हणत नाही, हौस तर नाहीच. बीड जिल्ह्यातील दुष्काळी मांडव्यातून सैन्यात गेलेले अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवितात, तेव्हा दोराबजींनी १९१९ मध्ये जे पाहिले त्याचीच साक्ष शंभर वर्षांनी पुन्हा मिळते.

या मुलांच्या बाबतीत ऋतूचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटरांच्या धावेत काही उमेदवार उन्हाने व श्रमाने कोसळून मरण पावले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले, आणि पुढे पुरुषांसाठी ते १६०० मीटरांवर आणले गेले. अंतर घटविणे हा एक उपाय झाला. वऱ्हाडचा मुलगा हिवाळ्यात जो दम कमावितो त्याची परीक्षा हिवाळ्यातच व्हावी, हा दुसरा. आणि त्यासाठी भरतीचे वेळापत्रक पंचांग पाहून ठरवावे लागेल, जसे अमरावतीच्या उन्हाळी वर्गांचे वेळापत्रक एके काळी शाळांची सुटी पाहून ठरले होते.