गुणगुण थोपवणारं वेटोळं

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात, वांगणीसारख्या गावात वीज येण्याआधी व्हॉल्व्हचा रेडिओ लावायचा, तर तो बॅटरीवरचाच हवा. ९० व्होल्टची सुकी बॅटरी व्हॉल्व्हला थेट डीसी पुरवायची. आवाज बेताचा, पण त्याखाली गुणगुण नसायची. गुणगुण आली ती तारेतल्या विजेबरोबर.

घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो. रेक्टिफायर त्याला एका दिशेला वळवतो, तरी सेकंदाला १०० उसळ्या उरतात. त्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरल्या की गाण्याखाली भुंगा बसलाच. त्यावरचा उतारा म्हणजे चोक : लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. प्रवाह वाढू लागला की ती अडवते, घटू लागला की साठवलेल्या ऊर्जेतून भर घालते.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘आलम आरा’ हा चित्रपट बोलू लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मोठा आणि स्वच्छ आवाज ही आता शहराची गरज झाली.

त्या दशकात स्वस्त आणि ताकदवान कायमचुंबक मिळत नव्हते. म्हणून लाउडस्पीकरमध्ये विद्युतचुंबक असे, आणि त्याच्या वेटोळ्यालाही डीसी लागे. रेडिओ घडवणाऱ्यांनी हे वेटोळंच पॉवर सप्लायच्या वाटेत चोक म्हणून बसवलं. १५०० ओहमच्या वेटोळ्यातून ६० मिलिअँपिअर गेले की ९० व्होल्ट खर्ची पडत. पण ते ५.४ वॉट स्पीकरचं चुंबक जागं ठेवत. उरलीसुरली गुणगुण मारायला आवाजाच्या वेटोळ्याशी उलटे वेढे जोडत. एकाच तांब्याकडून दोन कामं करून घेणारी याहून देखणी काटकसर रेडिओच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मोठ्या ॲम्प्लिफायरची अडचण वेगळी होती. सूर चढला की त्याचा प्रवाह एकदम वाढतो आणि व्होल्टेज खचतं. रेक्टिफायरनंतर आधी कंडेन्सर लावला, तर ३०० व्होल्टच्या वाइंडिंगवर रिकाम्या वेळी ४२० व्होल्टपर्यंत मिळतात, पण भार येताच ते घसरतात. आधी चोक लावला तर २७० च्या आसपासच मिळतात, मात्र ते बरेच स्थिर राहतात. अट एकच : चोक पुरेसा मोठा हवा. १०० मिलिअँपिअरला सुमारे ३ हेन्री पुरतात, १० मिलिअँपिअरला जवळजवळ ३० लागतात. त्यामुळे थोडा प्रवाह सतत वाहता ठेवायला एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवत.

पुढे कायमचुंबक सुधारले, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर स्वस्त झाले, ट्रान्झिस्टर आले. तांब्या-लोखंडाचं ओझं सगळ्यांना नको झालं, आणि बहुतेकांना ‘चोक’ हा शब्द ट्यूबलाइटपुरताच ठाऊक उरला.

माळ्यावर जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर तो भंगारात देऊ नका, आणि थेट प्लगमध्येही घालू नका. जाणत्या कारागिराला दाखवा. स्पीकरला दोनाऐवजी चार तारा दिसल्या, तर जादा तारा कापू देऊ नका; बहुधा त्यांच्यातूनच सगळ्या सेटला वीज मिळत असते.